चारही कोपरे शाबूत

बडोदे, ता. २२ मार्च १९१७

चिरंजीव लक्ष्मण यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मोडीत न लिहिता बालबोधीत लिहीत आहे. मागचे मोडी पत्र तुझ्याकडच्या पत्रे तपासणाऱ्या साहेबाला लागले नाही म्हणून दोन महिने अडकून पडले, असे तू कळवले होतेस. आता साहेबाने खुशाल वाचावे. त्यालाही आमचा नमस्कार सांग.

इकडे सर्व क्षेम आहे. आबांचे गुडघे धरलेले आहेत, पण महाराजांच्या पागेत तीस वर्षे काढलेला माणूस दुखते म्हणून कधी सांगायचा नाही. तुझे नाव ते अजून घेत नाहीत. मात्र टपालवाला गल्लीत शिरला की त्यांची खुर्ची आपोआप दाराकडे सरकते. मग मी तुझे पत्र भिंतीला वाचून दाखवते आणि आबा ऐकतात.

आता कामाचे. शाळेत यंदा मला पाचवीचा वर्ग दिला आहे. बगदाद घेतल्याची बातमी आली तेव्हा साखर वाटली, आणि मोठ्या बाईंनी सांगितले की वरच्या वर्गाला चालू महायुद्ध शिकवा, पावसाळ्यानंतर डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे आहेत. मी भिंतीवर जगाचा नकाशा टांगला. उत्तरायणाच्या उरल्यासुरल्या पतंगांच्या झेंड्या कापल्या, लाल आपल्या, पिवळ्या शत्रूच्या. एकोणीस मुलींनी दोन दिवसांत सगळे देश आणि सगळे राजे घडाघडा पाठ केले. तिसऱ्या दिवशी एकीने विचारले की बाई, हे भांडतात कशावरून? पुस्तकात होते ते मी सांगितले. ती म्हणाली की हे तर राजांचे झाले, बाकीचे कशाला गेले? मी घंटेआधीच वर्ग सोडला. घरी येताना वाटेत आठवले की माझाच एक भाऊ गेलेला आहे, आणि तो कशाला गेला हे मी त्याला कधी विचारलेले नाही. तेव्हा आता विचारते. तिसरीतून पळालास, तरी माझ्या पाचवीला चार गोष्टी शिकव. जे डोळ्यांनी पाहिलेस ते लिही.

विचारणारी मुलगी लीला. तिचे वडील दत्ताजीराव इंग्रजांच्या मराठा पलटणीत आहेत, आणि सगळे म्हणतात की तेही तुझ्यासारखे बसऱ्याच्याच बाजूला आहेत. संक्रांतीपासून त्यांचे पत्र नाही. नकाशावर त्या जागी लीलाने एक झेंडी लावली आहे आणि ती रोज केसभर पुढे सरकवते, कारण बाबा आज इथवर पोचले असतील. लावते तीही डाव्या हाताने. पोर डावखुरी आहे. दत्ताजीराव जाताना मला बजावून गेले की ही खोड मोडा. घरी तर ते तिचा डावा हात उपरण्याने कमरेला बांधून तिला लिहायला बसवत. मीही वर्गात पट्टी उगारते, पण ही पोर काही सुधारत नाही.

त्यांची काही खबर लागली तर जरूर कळव. लोभ आहेच, तो पत्राच्या पाण्याने हिरवा ठेवावा.

तुझी ताई,
अहल्या

---

मुक्काम फौजेबरोबर, नदीकाठ, ता. २६ एप्रिल १९१७

तीर्थस्वरूप गं. भा. ताईस दूरदेशीच्या लक्ष्मणाचा कपाळ टेकून नमस्कार. विनंती विशेष.

गावाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर साहेब काळी शाई फासतो आणि पत्र विटाळल्यासारखे दिसते. मी मजामां आहे. अंगावर दोन कपडे, पायात बूट, आणि बूट पण कसला, आबांनी जन्मात घातला नसेल असला.

ताई, तू विचारलेस आणि माझी छाती ही एवढी फुगली. ज्या शाळेच्या भिंतीवरून उडी मारून मी साठमारीतली हत्तींची झुंज बघायला पळायचो, त्या शाळेत आता माझे पत्र वाचणार! तर मुलींना सांग, लढाई म्हणजे साठमारीच. तिकडून तुर्क सुटतो, इकडून आपण. गोळ्या अशा कानाजवळून जातात की माशी पण लाजेल. मी दोनदा वाचलो. एकदा तर टोपीला भोक पडले. धूळ इतकी की सूर्य दिसत नाही, आणि तोफेचा आवाज म्हणजे मांडवीत कोणी हजार नगारे एकदम वाजवावेत तसा.

आणि दत्ताजीराव? पाहिले ना! पांढऱ्या घोड्यावर बसून, हातात निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. मी बडोद्याचा म्हटल्यावर लगाम खेचून थांबले. म्हणाले की लीलाला सांगा, दसऱ्याचे सोने वाटायला मी घरी येतो. पोरीला हे जरूर सांग.

आबांना नमस्कार, भिंतीमार्फत. माया पातळ होऊ देऊ नये इतकेच मागणे.

तुझा धाकटा,
लक्ष्मण

---

बडोदे, ता. ३० मे १९१७

चिरंजीव लक्ष्मण यास अहल्येचे शंभर आशीर्वाद.

तुझे पत्र उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी हातात पडले. वर्गात दोनदा वाचले, मुलींनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. लीला बाकावरून पुढे सरकली. डोळे मोठे करून ऐकत राहिली, आणि मग पांढऱ्या कागदाचा घोडा कापून नकाशावर झेंडीच्या जागी टोचून आली. डाव्या हाताने, पण त्या दिवशी मी पट्टी उचलली नाही. संध्याकाळी तिची आई जिजाबाई आमच्याकडे पेढे घेऊन आली. चार महिन्यांत त्या बाईने केसांना तेल लावले नव्हते. परवा लावलेले दिसले. गल्लीत प्रत्येक घरी तिने स्वतः जाऊन सांगितले की लीलाचे बाबा दसऱ्याला येताहेत.

मी रात्री आबांना, म्हणजे भिंतीला, पत्र वाचून दाखवले. ते मान न वळवता म्हणाले की मराठा पलटण तर पायदळ आहे, शिपायाखाली घोडा कुठून आला? दोन वर्षांत तुझ्याविषयी ते बोललेले हे पहिले वाक्य. मी म्हटले, साहेबाने दिला असेल. त्यावर म्हणाले की त्याला विचार.

म्हणून विचारते. पाटी हत्तीने खाल्ली असे तू आईला सांगितले होतेस, आणि त्या माउलीने ते चार दिवस खरे धरले होते. हे तसले नाही ना, एवढे तिच्या नावाने लिही. जिजाबाईचे पेढे अजून डब्यात तसेच आहेत.

उत्तराला उशीर नको. ममता आहे, म्हणूनच टोकून विचारते.

अहल्या

---

नदीकाठ, ता. ४ जुलै १९१७

तीर्थस्वरूप ताईस लक्ष्मणाचा नमस्कार, पायांवर डोके ठेवून, आणि ते वर न उचलता पुढचे लिहितो.

आबांना सांग, घोडा नव्हता. निशाण पण नव्हते. दत्ताजीरावांना मी पाहिलेच नाही. पोरीला बरे वाटेल म्हणून लिहिले, आणि खरे सांगायचे तर मला पण बरे वाटले. एकोणीस मुली आपले ऐकताहेत म्हटल्यावर हात थांबेना.

टोपीला भोक उंदराने पाडले. ताई, मी लढाई पाहिलेलीच नाही. मी खेचरवाला आहे. माझ्याकडे चार खेचरे आहेत आणि ती पाणी वाहतात. समज, मांडवीत डबे भरायचे आणि मकरपुऱ्यापर्यंत उन्हात चालत जायचे, मध्ये झाड नाही की विहीर नाही. तिथे जमिनीत खणलेल्या चरांत आपली माणसे बसलेली. ती पाणी पितात, आम्ही रिकामे डबे घेऊन परत. दिवसातून दोनदा. माशा इतक्या की भाकरी काळी दिसते. एवढेच माझे महायुद्ध.

पण तू डोळ्यांनी पाहिलेले लिही म्हणाली होतीस, तर एक लिहितो. एका सकाळी आमच्या सगळ्या तांड्याला मिळून अडुसष्ट डबे न्यायचा हुकूम होता. मध्ये दोन दिवस लांबून तोफा ऐकू आल्या. तिसऱ्या दिवशी त्याच जागी एकेचाळीस डबे न्या असा हुकूम झाला. कोणी काही सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. ओझे कमी म्हणून खेचरे मजेत चालली. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जेवलो नाही.

कशाला आलो विचारतेस? गोयागेटच्या कारखान्यात हातोडा मारून जीव कंटाळला होता. आबा उठताबसता म्हणायचे की हा कुठे टिकत नाही. मुंबईला एक जण म्हणाला की बोटीत बसायला मिळते. बसलो. तुर्काने माझे काय वाकडे केले ते मला आजपण ठाऊक नाही. लीलाला हेच उत्तर दे, लाज वाटली तरी दे.

मी दत्ताजीरावांना शोधतो. खेचरांबरोबर मला पुष्कळ ठिकाणी जाता येते. तोंड दाखवण्याजोगे काही सापडले तरच पुढचे पत्र मोठे लिहीन. रागाव, पण टाकू नको.

लक्ष्मण

---

बडोदे, ता. ६ ऑगस्ट १९१७

चि. लक्ष्मण यास आशीर्वाद. आज एकच, कारण बाकीचे रागात गेले.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस शाळेत गेले नाही, कपाळ दुखते म्हणून सांगितले. मग वाटले, खोट्यावर आणखी एक खोटे नको. तिसऱ्या दिवशी लीलाला वर्गाबाहेर लिंबाखाली नेले आणि सगळे सांगितले. घोडा नाही, दसरा नाही, माझ्या भावाने तुझ्या बाबांना पाहिलेले नाही. मला वाटले रडेल. तिने विचारले की मग बाबा नाहीत असेही कोणी पाहिलेले नाही ना? मी म्हटले, नाही. ती आत गेली, कागदाचा घोडा काढून पुस्तकात ठेवला आणि त्या जागी पुन्हा झेंडी लावली. आता ती झेंडी सरकवत नाही. जिथे आहे तिथेच आहे.

आईला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका, असे ती म्हणाली. अजून तिने सांगितलेले नाही. जिजाबाई दसऱ्यासाठी नवे लुगडे घेऊन आली आणि मला दाखवून गेली. लक्ष्मण, मी त्या लुगड्याला हात लावू शकले नाही.

तुझे पाण्याच्या डब्यांचे पत्र मी वर्गाला वाचून दाखवले, घोड्याची कबुली वगळून. राजांची नावे म्हणताना ज्या मुली डोलत होत्या त्यांचे डोलणे थांबले. एकीने अडुसष्टातून एकेचाळीस वजा करून पाटीवर सत्तावीस लिहिले आणि पुसून टाकले. दुसरीने खेचरांची नावे विचारली आहेत, ती कळव. आबा ऐकून म्हणाले की हे मात्र खरे लिहिले आहे.

तू त्या माणसाला घोड्यावर बसवलेस. आता तूच शोध आणि खाली उतरव. जसा असेल तसा. नसेल तर तेही लिही, पण दसऱ्याच्या आधी. सणाच्या दिवशी त्या बाईला दारात वाट पाहायला लावू नको.

माया कुठे जात नाही, ती तुझ्यामागे खेचरासारखी चालतेच आहे.

अहल्या

---

नदीकाठ, ता. ९ सप्टेंबर १९१७

तीर्थस्वरूप ताईस लक्ष्मणाचा उड्या मारत नमस्कार.

सापडले! जिवंत आहेत! आधी हे वाच, मग श्वास घे.

पाच इस्पितळे पालथी घातली. प्रत्येक तंबूत शिरून मोठ्याने विचारायचो की बडोद्याचे कोण आहे. सुरतेचा एक भेटला, साताऱ्याचे पुष्कळ. परवा नदीवरच्या इस्पितळात ओरडलो तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या आणि एकाच माणसाने तोंड तंबूच्या कापडाकडे वळवले. मी म्हटले, हाच. खाटेजवळ बसून लीलाचे नाव घेतले. त्यांची पाठ हलायला लागली.

उजवा हात कोपरापासून गेला आहे. फेब्रुवारीत गेला, मग ताप. आता जखम भरली आहे. पुढच्या बोटींपैकी एखादीने मुंबईला धाडतील असे डॉक्टर म्हणतो. पलटणीच्या कागदावर त्यांच्या चुलत्याचे गाव लिहिलेले, म्हणून सरकारी चिठ्ठी तिकडे गेली असणार. बडोद्याला कोण कळवणार?

मी विचारले, दुसऱ्या कोणाकडून चार ओळी का लिहून घेतल्या नाहीत? म्हणाले की लीला माझे अक्षर ओळखते, दुसऱ्याचे दिसले तर पहिल्याच ओळीला समजेल. आणि मग हळूच म्हणाले की ज्या हाताने मी पोरीचा डावा हात बांधायचो तो गेला, आणि जो उरला त्याला काहीच येत नाही. कोणत्या तोंडाने लिहू?

मी त्यांना घोड्याची गोष्ट पण सांगितली. वाटले मारतील. हसले, ताई. म्हणाले की मला घोड्याची भीती वाटते.

जिजाबाईंना मी वेगळे पत्र, पाकिटाविना कार्डावर, याच टपालात टाकले आहे. खाली डाव्या हाताने सही करायला लावली. शाई सांडून कोपऱ्यात मोठा डाग पडला, ते फार ओशाळले, म्हणाले अशी घाण घरी धाडू नका. मी तेवढा कोपरा फाडून टाकला. बाकी पत्र एकदम चोख आहे, तुझ्या वर्गात दाखवण्यासारखे.

खेचरांची नावे: राणी, ढब्बू, फौजदार आणि म्हातारी. मुलींना सांग, म्हातारी सगळ्यांत तरुण आहे.

आता तरी माया आधीइतकी कर.

लक्ष्मण

---

बडोदे, ता. १४ ऑक्टोबर १९१७

चि. लक्ष्मण यास ताईचे आशीर्वाद, आणि एक धपाटा, तो पाठीवर घे.

अरे गाढवा, कोपरा फाडलास! आपल्याकडे कोपरा फाटलेले पत्र म्हणजे मरणाची खबर, हे विसरलास? आजोबा गेले तेव्हाची पत्रे तूच टपालात टाकून आला होतास ना?

सोमवारी दुपारी वर्गात शेजारची मुलगी धावत आली की लीलाच्या घरी वाईट पत्र आले. मी लीलाचा हात धरून तशीच निघाले. टपालवाल्याने पत्र हातात न देता ओट्याखाली ठेवले होते. उंबऱ्याच्या आत कोणी घेईना. बायका जमलेल्या. जिजाबाई भिंतीला टेकून बसली होती. एका म्हातारीने तिचे मनगट धरले होते आणि बांगड्यांसाठी दगड मागवला होता. वाचायला पलीकडच्या गल्लीतल्या पिलाजीरावांना बोलावणे गेले होते, कारण असले पत्र बापईमाणसाने उंबऱ्याबाहेर वाचावे, लगेच फाडावे आणि सगळ्यांनी अंघोळ करावी, अशी रीत. तोवर कोणी हात लावायचा नाही.

लीलाने माझा हात सोडवला. बायकांनी तिला अडवले, उजव्या हाताला धरून मागे ओढले. तिने डावा हात लांब करून पत्र उचलले आणि वाचू लागली. आणि तू मेल्या, आधी साडेतीन ओळी नमस्कार लिहिलेस! जिजाबाईंना दंडवत, वडीलधाऱ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद. पोर एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, आणि म्हातारीच्या हातात दगड होता. चौथ्या ओळीला आले की आपले यजमान सुखरूप आहेत. लीलाने तेवढी ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा, आईकडे बघून. म्हातारीने दगड टाकला तो तिच्याच पायावर पडला, आणि तिच्या ओरडण्यावर जिजाबाई प्रथम हसली आणि मग जी रडली ती दिवे लागेपर्यंत. हात गेल्याचे पुढे वाचले तेव्हा ती एवढेच म्हणाली की माणूस आहे ना.

पिलाजीराव धापा टाकत आले तेव्हा वाचून झाले होते. पत्र फाडायचे ठेवले नाही. ते देव्हाऱ्यात आहे, कोपऱ्यासकट, म्हणजे कोपऱ्याविना.

डेप्युटीसाहेब गुरुवारी येऊन गेले. त्यांनी विचारले की या युद्धात सर्वांत मोठे साधन कोणते? तोफ, विमान असे उत्तर त्यांना हवे होते. मागच्या बाकावरून उत्तर आले की पाण्याचा डबा. लढतात कोण, असे विचारल्यावर एकीने राजे सांगितले, दुसरीने खेचरवाले, आणि लीला म्हणाली की ज्यांना घरून पत्र येते ते सगळे, तुर्कसुद्धा. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिले आहे की मुलींची माहिती विषयाला सोडून आहे. मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. मी नकाशा काढलेला नाही, पण झेंड्या काढल्या. एकच राहिली आहे.

आणि पट्टी मी कपाटात ठेवली. सोबत लीलाचे पत्र आहे, तिच्या बाबांना वाचून दाखव. ते तिने कोणत्या हाताने लिहिले ते मी शिकवणारीने बघून घेतले आहे, आणि अक्षर उजव्यापेक्षा चांगले आहे, हे मला सात महिने आधी कळायला हवे होते.

आबांनी खुर्ची वळवली आहे. म्हणाले की लक्ष्मणाला लिही, पाण्याचे काम करणारा माणूस टिकला पाहिजे. नाव घेतले, ऐकलेस?

प्रेम वाढते आहे, पत्राने त्याला खाऊ घाल.

अहल्या

(सोबतचे पत्र)

तीर्थरूप बाबांस लीलाचा नमस्कार. आई बरी आहे. लुगडे तिने तसेच घडी घालून ठेवले आहे, तुम्ही आल्यावर नेसणार. डाव्या हाताने लिहिताना पाटी उजवीकडे थोडी तिरकी करायची म्हणजे हात लिहिलेले पुसत नाही. सुरुवातीला अक्षर उलटे येते, घाबरू नका. मी तुमचा हात बांधणार नाही. तुमची, लीला.

---

नदीकाठ, ता. २० नोव्हेंबर १९१७

तीर्थस्वरूप ताईस लक्ष्मणाचा नमस्कार, धपाटा पोचला, पाठ शेकतो आहे.

कोपऱ्याचे वाचून मी खेचरांच्या तबेल्यात जाऊन बसलो. हात चालला, डोके चालले नाही. जिजाबाईंच्या पायांवर माझ्या वतीने डोके ठेव.

लीलाचे पत्र दत्ताजीरावांना वाचून दाखवले. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी ते माझ्याकडून घेतले आणि उशीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी पाटी मागितली. इथे पाटी कुठली, मी पाण्याच्या डब्याचे झाकण आणि कोळसा आणून दिला. मी, तिसरी नापास, बाजूला बसून शिकवतो! उजवीकडे तिरकी धरा, उलटे आले तर घाबरू नका. लीलाबाईंचे नियम पाठ करून घेतले आहेत. ते चिडतात, कोळसा फेकतात, पुन्हा मागून घेतात. आता शेजारच्या खाटांवरचे दोघे पण बसतात.

त्यांची बोट सोमवारी निघते. हे टपाल त्यांच्या आधी पोचेल म्हणून सोबत एक कागद धाडतो. आठ दिवसांच्या मेहनतीचा आहे. एकच शब्द लिहिला आहे, लीला. दुसरा ल उलटा आहे, पण तो त्यांनी बदलू दिला नाही. कडेला शाईचा डाग पण आहे, आणि तो मी तसाच ठेवला आहे.

आबांना माझा नमस्कार, या वेळी भिंतीला वळसा घालून थेट. मी टिकलो आहे. खेचरे पण.

माया असू द्यावी, दुसरे काय मागू. पाकीट बंद करण्याआधी दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले. चारही कोपरे शाबूत आहेत.

तुझा,
लक्ष्मण